कुठून उतरवलीस?

आज एका काव्यवाचनाला गेले होते. टॉवेल कारखान्यात काम करणाऱ्या बाईची दहावीतली मुलगी आईच्या हातांवरची कविता वाचून गेली. अंगावर काटा आला. आणि संयोजक माईकवर हसत विचारतात, "छान! पण खरं सांग, तूच लिहिलीस ना?" सगळे हसले. तिच्या आधी एका डॉक्टरांच्या मुलाने वाचली होती, त्याला कुणी विचारलं नाही. पोरगी नुसती कागदाची घडी घालत राहिली.

तेव्हापासून डोकं फिरलंय.

नववीत मी विड्यांवर कविता लिहिली होती. मांडीवर सूप, सुपात पानं-तंबाखू, आणि हजार विड्या पुऱ्या करायला पहाटेपासून वाकलेली आई. सरांनी वही वर्गासमोर धरली. "कुठून उतरवलीस? तुमच्या घरात तर तेलुगू बोलतात."

फिलिस व्हीटली आठवली. आफ्रिकेतून पकडून आणलेली, सात-आठ वर्षांची पोर. १७६१ मध्ये बोस्टनला विकली गेली. ज्या जहाजातून आणली त्याचंच नाव तिला दिलं! इंग्रजी शिकली, कविता लिहू लागली, तर काळी गुलाम पोर असं लिहीलच कशी? शेवटी गव्हर्नरसकट अठरा प्रतिष्ठित गोऱ्यांनी सह्या करून दिल्या, की होय, हिनेच लिहिलंय. ते प्रमाणपत्र पुस्तकातच छापलं. पुस्तकही बोस्टनला नाही, लंडनला निघालं, १७७३ साली. अठरा सह्या! कवितेच्या पुस्तकाला!

गुलामगिरी कुठे आणि आमची गरिबी कुठे, कळतं मला. हल्ली पोरं मोबाईलवरून उचलतात, तेही मान्य. मग डॉक्टरांच्या मुलालाही विचारा ना!

माझ्या वहीवर कोण सही करणार होतं? आईला तर अंगठाच येत होता.

त्या रात्री वही चुलीत घालायला निघाले होते. आईने हात धरला, म्हणाली आधी वाच. मराठी तिला जेमतेम कळायचं, म्हणून ओळीओळीला तेलुगूत सांगत गेले. तिची बोटं दोरा गुंडाळायची थांबली. त्या बोटांना थांबलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. "परत वाच," म्हणाली.

आजच्या मुलीला बाहेर शोधलं, पण ती निघून गेली होती. तिला ओळखणारं कुणी असेल तर सांगा. तिची कविता मला परत ऐकायची आहे.