वेद जर्मनीला गेले म्हणे!

गणपती जवळ आले की सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज ठरलेला: ‘मूळ वेद जर्मनांनी पळवले, मॅक्सम्युलरने त्यांत भेसळ केली, आपल्याकडे उरलाय तो नकली माल.’ खाली वीसेक जण हात जोडतात. यंदा मी उत्तर लिहितोय.

पळवले म्हणजे नेमकं काय पळवलं? वेद मुळात पोथीत नव्हतेच, गळ्यात होते. ऋग्वेदाची १० मंडलं, १०२८ सूक्तं, सगळी मुखोद्गत. आणि नुसती सरळ नव्हे. घनपाठात, म्हणजे पदं उलटसुलट गुंफून म्हणायच्या पद्धतीत, संधी सोडवून सांगायचं तर, असं चालतं: अग्निम् ईळे, ईळे अग्निम्, अग्निम् ईळे पुरोहितम्, पुरोहितम् ईळे अग्निम्, अग्निम् ईळे पुरोहितम्. मग एक पद पुढे सरकायचं आणि पुन्हा तेच. एक पद गळलं तरी पुढची साखळी अडते. हे कुठल्या जहाजात भरून नेणार?

भेसळीचं म्हणाल तर मॅक्सम्युलर हा संस्कृतचा अभ्यासक जन्माने जर्मन खरा, पण काम केलं ऑक्सफर्डला; भारतात तो कधी आलाच नाही. सायणभाष्यासह, म्हणजे सायणाचार्यांनी सांगितलेल्या अर्थासह, त्याने छापलेला ऋग्वेद १८४९ ते १८७४ या काळात ६ खंडांत निघाला. त्याआधी कित्येक शतकं उतरवलेल्या पोथ्या इथेच आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ मध्ये नोंद घेतली. त्यांतलं एक शारदा लिपीत, भूर्जपत्रावर. ताडून बघायला कुणाची ना नाही.

टिळकांना तुरुंगात असताना मॅक्सम्युलरनेच आपल्या ऋग्वेदाची प्रत पाठवली होती. टिळकांनी त्याचे आभार छापून मानलेत. भेसळ असती तर टिळकांनी त्याला सोडलं असतं?

त्याच्या हेतूंवर, अर्थ लावण्यावर टीका जरूर करा. हिंदूंनी ख्रिस्ती व्हावं असं त्याला वाटत होतं, हे त्याच्या पत्रांतून दिसतं. पण अर्थ वेगळा, संहिता, म्हणजे मूळ मंत्र, वेगळी.

वेदांच्या शाखा, म्हणजे पठणाच्या गुरुपरंपरा, लुप्त झाल्या, हे मात्र खरं. व्याकरणकार पतंजलीने ऋग्वेदाच्या २१ सांगितल्या. आज पठणात आहे ती मुख्यतः शाकल. शिष्य उरला नाही की शाखा संपते, त्याला चोर लागत नाही.

हा मेसेज टाकणारे काका रोज आरतीनंतर टिपेच्या आवाजात ‘यज्ञेन यज्ञमयजन्त देवाः’ म्हणतात. ही पुरुषसूक्ताची शेवटची ऋचा, ऋग्वेद १०.९०.१६. ती जर्मनीहून कोणी सोडवून आणली, एवढंच त्यांना विचारायचंय.