लांडग्याचं पोट शिवलं कोणी?

मुलांना झोपवायला गोष्ट वाचून दाखवावी, ही अफवा ज्याने उठवली त्याने आयुष्यात मूल झोपवलेलं नसणार. गोष्टीने झोप येते, पण ती वाचणाऱ्याला. ऐकणारी आमची पाच वर्षांची भाची रात्री दहा वाजता उलटतपासणीला बसते.

किलोच्या भावाने पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनातून भावाने पिशवीभर परीकथा आणल्या. गुळगुळीत कागद, पानभर चित्र, खाली दोन ओळी. पण वजनावर पुस्तकं घेणारा माणूस आत डोकावत नाही. त्यामुळे लाल टोपडीवाल्या मुलीची गोष्ट घरात तीनदा आली आणि तिन्हींत आजीची गत निराळी. एकीत आजी कपाटात लपते. दुसरीत लाकूडतोड्या लांडग्याचं पोट फाडून तिला बाहेर काढतो. इस्त्रीची घडी मोडलेली नाही, चष्मा नाकावर जागच्या जागी. तिसरीत आजी मुळात घरीच नसते आणि लांडगा माफी मागून पाय काढतो.

"आत्या, खरं काय झालं?"

आता हे सांगायचं म्हणजे थेट फ्रान्सपर्यंत जाणं आलं. शार्ल पेरोने १६९७ साली ही गोष्ट छापली, तेव्हा लांडग्याने आजीला खाल्लं, मग नातीला खाल्लं आणि गोष्ट संपली. सोडवायला कोणी नाही. खाली पद्यात तात्पर्य, एवढाच दिलासा. १८१२ मध्ये जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी एक शिकारी आणला. तो कात्रीने पोट कापतो, दोघी बाहेर येतात आणि लांडग्याच्या पोटात दगड भरतात.

हे मी जरा बिचकतच सांगितलं. भाची ताडकन उठून बसली. चेहरा असा फुललेला मी तिच्या वाढदिवसालासुद्धा पाहिला नव्हता.

"मग पोट शिवलं कोणी?"

ग्रिम बंधूंनी ते लिहिलेलं नाही! त्यांच्याच सात करडांच्या गोष्टीत मात्र शेळी दगड भरल्यावर सुई-दोऱ्याने लांडग्याचं पोट व्यवस्थित शिवते. म्हणून सध्या आमच्याकडे शेजारच्या गोष्टीतली शेळी येऊन शिवणकाम करून जाते. हा तोडगा मान्य झाला आहे.

खरा घात करतात ती चित्रं. वाक्यं गाळता येतात, चित्र गाळता येत नाही. पोरीला अक्षरओळख नाही, पण कोणत्या चित्रानंतर कोणतं ते तोंडपाठ. दोन पानं चिकटवून उलटली की हात धरते. एका पुस्तकात बुटके सहाच दिसतात. सातवा सापडेपर्यंत गोष्ट पुढे सरकत नाही. (पलंगामागे त्याच्या टोपीचं टोक आहे. माझ्यानंतर या घरात कोणी वाचायला बसेल त्याच्या माहितीसाठी.) त्यात मी एकदा बोलून गेले की मूळ गोष्टीत आरसा हिमगौरीला सर्वांत सुंदर म्हणतो तेव्हा ती सात वर्षांची असते. चित्रातली हिमगौरी चांगली उपवर, ओठ लालभडक. "सात वर्षांची लिपस्टिक लावते? मग मला पण." तो खटला अजून वहिनीपुढे प्रलंबित आहे.

त्याच पुस्तकाच्या शेवटी दुष्ट राणी 'दूर निघून गेली'. कुठे? कशाने? एकटीच? ग्रिम बंधूंकडे राणीला तापून लाल झालेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावं लागतं. ऐकायला भयंकर, पण त्यावर एकही प्रश्न आला नाही. पोरगी समाधानाने कुशीवर वळली. सोज्वळ शेवटाने रात्री साडेअकरा होतात, लोखंडी जोड्यांनी सव्वादहाला आटोपतं. हा हिशेब एकाही प्रकाशकाने केलेला दिसत नाही.

वहिनीला हे पटत नाही. विशेषतः बेडकानंतर. पुस्तकात राजकन्या बेडकाचा पापा घेते. ग्रिम बंधूंची राजकन्या चिडून त्याला भिंतीवर आपटते आणि त्याचा राजपुत्र होतो. दुसऱ्या दिवशी घरातला कापडी बेडूक दिवसभर भिंतीवर आपटत होता. "ताई, तुम्ही गोड शेवटच वाचत जा ना," वहिनी म्हणाली. नंतर मीही पाहिलं, बेडूक बेडूकच होता.

म्हणून काल तीन अस्वलं काढली. सोनेरी केसांची मुलगी, लापशी, खुर्ची, बिछाना. यात कोणाला काय खुपणार? पण "ही कोण? हिची आई कुठे?" सुरू झालं आणि मला सांगावं लागलं की रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीने १८३७ मध्ये ही गोष्ट छापली तेव्हा त्यात मुलगी नव्हतीच. एक म्हातारी होती. तिला काढून गोंडस मुलगी बसवली ती नंतरच्यांनी, आणि याचा मला मनापासून राग आहे. म्हाताऱ्या बाईने परक्या घरात शिरावं, आयती लापशी खावी, बेताची खुर्ची मोडावी आणि दिसेल त्या बिछान्यावर आडवं व्हावं, यात न समजण्यासारखं काय आहे? माझी तर सगळी सहानुभूती तिलाच.

"मग तिचं काय झालं?"

"अस्वलं आल्यावर तिने खिडकीतून उडी मारली. मान मोडली की पोलिसाने धरून सुधारगृहात टाकलं, ते साउदीलाही ठाऊक नाही."

भाचीने कोपऱ्यातल्या आपल्या नुकत्याच मोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्या पलंगावर पाय पसरलेल्या माझ्याकडे.

"आत्या, आपल्या खिडकीला ग्रिल आहे," ती म्हणाली. "तू दारातून जा."