तेलाच्या दाराची आतली बिजागरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझ्या विमानाच्या इंजिनाचं तेल बघायच्या वीतभर दाराला आतली, बाहेरून न दिसणारी बिजागरी करत बसणं हा देखणेपणाचा सोस आहे. वरून पियानो बिजागरी (लांब, सलग पट्टीची) मारावी, नाहीतर किचनच्या कपाटाची ऑटो हिंज आणावी. आणि जे बाहेरून दिसत नाही, ते कोणी तपासत नाही.

आधी शेवटचा मुद्दा. डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, काढायला हे दार प्रत्येक उड्डाणाआधी उघडावंच लागतं. उघडलं की बिजागरीचे दोन्ही हात (दाराला जोडलेले तिचे दोन तुकडे) आणि पिन समोरच असतात. बोटाने हलवून बघता येतं, ढिलाई लगेच कळते.

कपाटाच्या बिजागरीचं म्हणाल, तर किनाऱ्यालगतच्या घरात ओट्याखाली तिचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पातळ मुलाम्याचा पत्रा, आत बारीक स्प्रिंग, आणि खाली मिनिटाला 2700 फेऱ्यांपर्यंत जाणारं इंजिन. तिचा तुकडा पडला तर तो काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, आत पडणार, नळ्या आणि केबलींच्या गर्दीत. तो धोका मला पत्करायचा नाही.

पियानो बिजागरी मात्र चांगली वस्तू आहे. घरी बांधलेल्या कितीतरी विमानांवर तेलाच्या दाराला तीच असते. माझी अडचण आकाराची आहे. माझ्या काउलिंगला त्या जागी दोन्ही दिशांनी गोलाई आहे आणि पियानो बिजागरीला लागते सरळ रेषा. ती बसवायची तर दाराची ती कड सपाट करावी लागते, मग कोपरे वर राहतात. दोन सुटे हात केले की दार आपली गोलाई राखतं. दोन्ही भोकं एका रेषेत आली, एवढं पुरतं.

आता भूमिती, कारण खरं काम तिथेच आहे. पिन दाराच्या कडेपासून आत, न उघडणाऱ्या भागाच्या खाली असते. दार उचललं की त्याची कड वर येते आणि थोडी मागेही सरकते. मागे सरकून ती समोरच्या कडेला घासू नये, म्हणून पिन कडेपासून लांब हवी आणि पृष्ठभागाच्या जितकी जवळ बसेल तितकी बरी. पिन कडेपासून 20 मिलिमीटर आत आणि 8 मिलिमीटर खोल धरा. मग दार 2 मिलिमीटर वर येईपर्यंत कड सुमारे 0.9 मिलिमीटर मागे जाते. एक मिलिमीटरची फट पुरते. हाताला मात्र गळासारखा वाक द्यावा लागतो, नाहीतर पूर्ण उघडताना तोच काउलिंगच्या कडेवर टेकतो.

हा वाक पट्टी वाकवून काढायचा नाही. 6061-टी6 हे कडक केलेलं ॲल्युमिनियम लहान त्रिज्येत वाकवलं की चिरतं. मी अँगल (काटकोनी पट्टी) घेतला: एक बाजू दाराला रिवेट करायची, दुसरीतून गळाचा आकार कापून कानशीने साफ करायचा. आधी पुठ्ठ्याचा नमुना. पिनेची भोकं दोन्ही हात व्हाइसमध्ये एकत्र आवळून एकदमच पाडायची, म्हणजे रेषा चुकत नाही.

बिजागरी दार फुगू देणार नाही, अशी अपेक्षा ठेवू नका. समुद्रसपाटीला 150 नॉट वेगात हवेचा गतिदाब (वेगामुळे येणारा दाब) चौरस मीटरला साधारण 370 किलो भरतो. 15 बाय 20 सेंटीमीटरच्या दारावर तो पुरता लागला तर 11 किलो होतात. प्रत्यक्षात त्यातला काही हिस्साच दाराला बाहेर ओढतो, तरी पातळ फायबर फुगायला तेवढा पुरे. त्यासाठी दाराला आतून जादा थर हवा.

तो थर होडीवाल्यांकडून करून घ्या, असं तुम्ही सुचवलंत. आपल्याकडच्या होड्यांची फायबर कामं सहसा पॉलिएस्टर रेझिनमध्ये होतात आणि माझं काउलिंग इपॉक्सीचं आहे. सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. कारागिरांचा हात उत्तम आहे, काम त्यांच्याकडेच देईन, पण रेझिन मी नेईन.

पिनेचा तुमचा मुद्दा मात्र तंतोतंत पटला. ॲल्युमिनियमच्या भोकात स्टेनलेस पिन आणि त्यात खारी हवा, म्हणजे जोड जाम होणारच. म्हणून पिन दोन्ही टोकांनी ठोकून बंद न करता स्प्लिट पिनवर (टोकं फाकवून अडकवायची, पुन्हा काढता येणारी बारीक पिन) ठेवतोय. पावसाळ्याआधी आणि नंतर उपसायची, पुसायची, ग्रीस लावून परत घालायची. बोटींवर तुम्ही कोणतं ग्रीस वापरत होतात तेवढं कळवा. माझ्या बिजागरीला ते एंजिनाची उष्णताही सोसणारं हवं.