कार्ड सगळ्यांना, खाट कुणाला?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज अजून फिरतोय. त्याचा सारांश असा: 'कोविडमध्ये महाराष्ट्राने शंभर टक्के जनतेला मोफत आरोग्य कवच दिलं. सार्वत्रिक आरोग्यसेवा ती हीच. तरीही ज्यांनी लाखांची बिलं भरली, त्यांना योजना माहीत नव्हती किंवा पंचतारांकित रुग्णालय हवं होतं. आता सरकारी दवाखान्यांवर पैसा ओतायची गरज नाही.'

पहिलं वाक्य निम्मं खरं आहे. मे 2020 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही खुली झाली. त्याआधी ती पिवळ्या-केशरी कार्डापुरती आणि 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांपुरती होती. निर्णय चांगलाच होता. पण त्याला आधी 31 जुलै 2020 ही मुदत होती, मग मुदतवाढ मिळाली. मर्यादा वर्षाला कुटुंबामागे दीड लाख. आणि योजना चालते ती ठरलेल्या पॅकेजांवर, म्हणजे उपचारागणिक बांधलेल्या रकमेवर, तीही फक्त अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात. सौम्य लक्षणं घेऊन घरी पडलेल्या माणसाला तिचा उपयोग नव्हता. त्याचं डॉक्टरचं, तपासणीचं, औषधाचं बिल त्याच्याच खिशातून गेलं.

'लोकांना माहीत नव्हतं' हे तर मला संतापजनक वाटतं. एप्रिल 2021 मध्ये राज्यात दिवसाला साठ हजारांवर रुग्ण सापडत होते. ऑक्सिजनची खाट मिळेल तिथे माणूस दाखल होत होता. ॲम्ब्युलन्समध्ये श्वास लागलेला रुग्ण असताना कोणतं रुग्णालय अंगीकृत आहे आणि तिथला आरोग्यमित्र (योजनेची कागदपत्रं करून देणारा माणूस) जागेवर आहे का, हे कोण शोधत बसणार? शिवाय रुग्णालयाचाही हिशोब असतो: पॅकेजचे पैसे कमी आणि उशिरा, रोखीचे जास्त आणि लगेच. खाटा अपुऱ्या असतील तेव्हा कोणता रुग्ण आधी आत जाणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

बरं, सरकारलाही हे कळत होतंच. म्हणून तर 21 मे 2020 च्या आदेशाने खासगी रुग्णालयांच्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले: साध्या वॉर्डला दिवसाला 4,000 रुपये, आयसीयूला 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. पीपीई किट आणि महागडी औषधं त्यातून वगळली होती, आणि बिलं फुगली ती बरीचशी तिथेच. महापालिकांना बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमावे लागले. सगळ्यांना खरोखरच फुकट मिळत असतं, तर दर बांधायची वेळ का आली असती?

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक. मुंबईत ज्यांना एक पैसा न भरता उपचार मिळाले, त्यातले असंख्य लोक केईएम, सायन, नायर, सेव्हन हिल्स किंवा बीकेसी, वरळी, मुलुंड, दहिसरच्या जम्बो केंद्रांत होते. खाटा वाटायला वॉर्डनिहाय वॉर रूम होत्या. ही सगळी सार्वजनिक व्यवस्था, आणि तिथे आधी कार्ड कुणी विचारत नव्हतं. गावात दारोदार फिरून ताप-ऑक्सिजन मोजणाऱ्या सुमारे 70 हजार आशा ताईही याच व्यवस्थेच्या. त्यांना मात्र जून 2021 मध्ये, महामारी चालू असताना, संपावर जावं लागलं. नऊ दिवसांनी पदरात पडले महिन्याला हजार रुपये वाढीव आणि पाचशे कोविड भत्ता.

थायलंडने 2001-02 मध्ये '30 बात' योजना (बात हे तिथलं चलन; दर भेटीला तेवढेच भरून उपचार) आणली तेव्हा तो काही श्रीमंत देश नव्हता. पण तिथे आधीच्या काही दशकांत ग्रामीण रुग्णालयं आणि आरोग्य केंद्रं उभी राहिली होती. योजनेत ओपीडी पहिल्यापासून होती, आणि कोविड आला तेव्हा गावोगावी सुमारे दहा लाख आरोग्य स्वयंसेवक हाताशी होते.

आपल्याकडे 2023 मध्ये कवच पाच लाखांवर नेण्याचा आणि ते सगळ्यांना देण्याचा निर्णय झाला, म्हणून तोच मेसेज आकडा बदलून पुन्हा फिरू लागलाय. मर्यादा वाढली, पण ओपीडीतली तपासणी आणि मधुमेह-रक्तदाबाची रोजची गोळी अजूनही या योजनेच्या बाहेरच आहे.