काकू, त्रिशूल आणि पॉलिश

सराफ बाजारात काल एकाने माझ्याकडून पॉलिशचे पन्नास रुपये घेतले, जे पॉलिश मी सांगितलंच नव्हतं. मला फक्त वजन करून हवं होतं. नाणं म्हणजे ब्रिटिश ट्रेड डॉलर, १९०२ चा, मुंबई टांकसाळीचा, त्रिशूळाच्या मधल्या टोकावर टांकसाळीची खूण म्हणून बारीकसा ‘बी’. याचे डुप्लिकेट ढिगाने फिरतात, म्हणून म्हटलं काट्यावर खऱ्या वजनाइतका, २६.९५ ग्रॅमच्या आसपास भरला तर निम्मी धाकधूक जाईल.

"राणीछाप का राजाछाप?" दुकानदार. म्हटलं दोन्ही नाही. तेवढ्यात शेजारी जोडवी बघत बसलेल्या काकू वळल्या.

"बघू बघू. अगं बाई, देवी आहे! त्रिशूल आहे हातात."

"काकू, ही ब्रिटानिया. ब्रिटन देशाचं बाईच्या रूपातलं प्रतीक. इंग्रजांची."

"इंग्रजांकडे कुठून आलं त्रिशूल? वणीची असेल."

"वणीच्या देवीला अठरा हात आहेत," असं मी चक्क बोललो, म्हणजे बघा कुठल्या लेव्हलला आलो होतो.

"एवढ्याशा नाण्यावर अठरा मावतील का?"

यावर काय बोलणार. मग मागची बाजू बघितली, तिथे चिनी अक्षरं आणि अरबी वळणाच्या अक्षरांत मलाय भाषा, तर म्हणाल्या, "मिक्स आहे वाटतं." मी पण पेटलो, हाँगकाँग, सिंगापूर, चीनचा व्यापार, पाडलं मुंबईत पण आपल्या बाजारात चालायचंच नाही, नव्वद टक्के चांदी, सगळं सांगत सुटलो. काकूंनी त्यातलं फक्त नव्वद टक्के ऐकलं. "मग नातवंडाला वाळे होतील की छान."

तेवढ्या वेळात दुकानातल्या पोऱ्याने नाणं आत नेऊन मशीनवर घासून लखलखीत करून आणलं. अरे, ते काळं म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांचं टोनिंग, चांदीवर आपोआप चढलेला रंग होता, त्याचेच तर पैसे असतात! आता कुठलाही डीलर बघताक्षणी भाव पाडून मागणार. नाशिकरोडला नोटा छापतात, अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी अख्खी संस्था आहे, आणि गावात जुनं नाणं म्हटलं की एकतर मोड नाहीतर लक्ष्मीपूजन, तिसरं काही कोणाच्या डोक्यातच येत नाही. भांडलो, तर "फुकट चमकवून पाहिजे होतं का शेठ?"

शेवटी वजन केलं. २६.८१. आता हे मुळातच कमी, का झिजलेलं, का पॉलिशमध्ये गेलं, कोणाला विचारू?

"थोडी घट जातेच," दुकानदार म्हणाला.

"घट धरूनच घ्यायचं असतं हो," काकू म्हणाल्या आणि परत जोडव्यांकडे वळल्या.