डिग्री लागली नाही

तीनदा साबण लावून झाला, एकदा कपड्यांची पावडर, एकदा हिने फणकाऱ्याने पुढे सरकवलेलं अर्धं लिंबू. हाताचा डिझेलचा वास काही जात नाही. आज सकाळी पोह्यांनाही येत होता. हिला येत नाही म्हणे. म्हणजे तो वास नसून संताप असावा.

आमची रोपवाटिका आहे. परवा पिकअपमध्ये जास्वंद आणि गुलाबाची दोनशे रोपं भरून चिपळूणला निघालो होतो. कराड सोडल्यावर एका पंपावर डिझेल टाकलं, २०१० रुपयांचं. वरचे १० का, तर २००० चं बटण आधीच सेट करून ठेवलेलं असतं आणि त्यात माप मारतात, असं मला कोणीतरी दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हापासून मी पंपावर आकडा सांगताना पोराकडे असा बघतो, की तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत. 'झिरो बघा' म्हटल्यावर झिरोही बघतो. 'बिल पायजे का?' म्हणाला, तर घाईत हातानेच नको केलं. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते आता जन्मभर ठेवायचं आहे.

पाटण मागे पडलं आणि गाडी आचके द्यायला लागली. तिसऱ्या गिअरला पाय तळाला टेकवला तरी ओढेना, मागून पांढरा धूर. डॅशबोर्डावर थेंबाथेंबाचं एक चिन्ह पेटलं होतं. बाहेर धो धो पाऊस. मला वाटलं, हल्ली गाड्यांना पाऊसही कळतो. कौतुकच वाटलं. थोड्या वेळाने गाडी बंद पडली, तेव्हा ते ओसरलं.

एसटीच्या पत्र्याच्या निवाऱ्याशी उभा राहून फोन सुरू केले. मेहुणा म्हणाला, सेन्सर. जुना ड्रायव्हर म्हणाला, एअर धरली. मेहुण्याचा सेन्सर मागच्या वर्षी त्याच्या मिक्सरलाही गेला होता, तेव्हा ते सोडून द्या. आमचा मिस्त्री म्हणाला, जेवतोय, दहा मिनिटांनी करा.

निवाऱ्यात दुधाचे दोन कॅन होते आणि त्यांतल्या एकावर आबा बसले होते. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, हातात रेक्झिनची पिशवी. डेअरीची गाडी आली नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडे माझ्यासाठी भरपूर वेळ होता.

"काय झालं वं पाव्हणं?"

"काही नाही, इंजिनचा प्रॉब्लेम आहे."

"डिझेल कवा टाकलं?"

"आत्ताच. अर्धा तास झाला."

"त्याच्या आदी बरी हुती?"

"घोड्यासारखी."

"मग घोड्याला काय झालं ते का इचारताय? पाणवठा कंचा हुता ते बघा. पानी प्यालीया गाडी."

मी हसलो. पदवीधर माणूस हसतो तसा. म्हटलं, आबा, आजकालच्या गाड्यांत सेन्सर असतात. (मेहुणा असा कामाला येतो.) आबा म्हणाले, "म्हशीला कुटं असत्यात? तरी कळतं की."

तेवढ्यात मिस्त्रीचा फोन. जेवण झालं होतं. फिल्टरच्या बुडाला प्लग आहे, ढिला करा, बाटलीत काढा आणि काय पडतंय ते सांगा. बाटली कुठली आणू? आबांनी स्वतःची काढली, उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि पुढे केली. वरचा गळा मी कापला आणि पालथा पडून प्लग फिरवला. निम्मं मनगटावरून बाहीत गेलं, निम्मं बाटलीत. पाच मिनिटं कॅनच्या झाकणावर ठेवली तर वर पिवळंधमक डिझेल, खाली गढूळ पाणी आणि मधे रेघ. पट्टीने मारावी तशी.

आबांनी बाटली उजेडाला धरली. मला वाटलं, आता 'बघा, म्हटलं नव्हतं?' येणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, तुच्छता होती. कसलेल्या गवयाने शेजारच्या पोराचा बेसूर ऐकावा तशी.

"काय आडानी लोकं! पानी घालायचं तर मिसळंल आशात घालावं. ह्ये खाली बसतंय की सगळं! दुधात घातलं तर सख्ख्या बापाला दिसायचं न्हाय." जरा थांबून म्हणाले, "आमी घालत न्हाय. सांगतोय आपलं."

मग पिशवीतून त्यांनी दुधातलं पाणी पकडायचा काचेचा लॅक्टोमीटर काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या बाटलीत सोडला. तो टक्कन तळाला जाऊन टेकला. आबांनी वाकून काचेवरचा आकडा शोधला, मान हलवली आणि निकाल दिला, "डिग्री लागली न्हाय."

त्यांनी तो धोतराला पुसला आणि परत पिशवीत ठेवला. त्या संध्याकाळी कोयनेच्या खोऱ्यात कुणाच्या तरी चहाला माझ्या टाकीचा वास आला असणार.

गंमत म्हणजे पंपावरही हेच असतं. काचेचा हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि रोज सकाळी डेन्सिटी लिहायची वही. गिऱ्हाईक मागू शकतं. टाकीत सोडायच्या दांडीला एक पेस्ट लावतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. हे सगळं मला रात्री अकराला कळलं. ज्या वेळी मी झिरो बघत होतो, त्या वेळी वही बघायला हवी होती.

तीनदा फिल्टर रिकामा करत, हातपंप मारत, फर्स्ट-सेकंडमध्ये रडतखडत पंपावर परत गेलो. मॅनेजर बाटलीकडे न बघता म्हणाला, "तुमच्या टाकीत आधीचं असेल. पावसाळा आहे ना."

"तुमच्याकडे पडत नाही का पाऊस?"

"आमच्या टाक्या जमिनीखाली असतात, साहेब."

पाणी खालीच जातं, हे त्याला कोणी सांगायचं? तक्रार पुस्तिका मागितली, तर ती कपाटात आणि कपाटाची किल्ली मालकाबरोबर पुण्याला. आणि मग त्याने अगदी नम्रपणे विचारलं, "बिल आहे ना तुमच्याकडे?"

टाकी उतरवणं, धुणं, नवा फिल्टर मिळून ३८०० रुपये गेले. गुलाबांनी दोन दिवसांत माना टाकल्या, चिपळूणच्या पार्टीने दुसरीकडून रोपं घेतली. मिस्त्री म्हणतो, पंपाला आणि नोझलला वंगण म्हणून डिझेलच असतं, पाण्यावर चालले असतील तर महिनाभरात समजेल. म्हणजे आता महिनाभर मी प्रत्येक चढाला कान लावून बसणार. आणि तो मॅनेजर खुर्चीवर बसून चहा पिणार. २०१० रुपयांत किती लिटर पाणी आलं, तो हिशोब मी करत नाही, ब्लडप्रेशर आहे.

बाटली मात्र जपून खिडकीत ठेवली आहे. रेघ अजून तशीच आहे. कुठे न कुठे दाखवायचीच, असं ठरवलं होतं.

आज दुपारी आबांचा फोन. नंबर मीच दिला होता.

"टाकी साफ झाली का?"

"झाली, आबा."

"मग सोमवारी इकडं येताय का? कॅन न्यायाचं हुतं." मी गप्प. "आन् पाव्हणं, येताना ती बाटली आणा. कापल्याली आसली तरी चालंल, माझी हाय ती."