पंप बदलण्याआधी झाकण उघडून पाहा: जुन्या मोटरहोमबद्दलच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

जुनी पेट्रोल मोटरहोम (राहण्याची सोय असलेली गाडी) बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. त्याचा मथितार्थ असा: गाडी चढावर आचके देऊन बंद पडते, म्हणजे टाकीतला पंप गेला. पेट्रोल असूनही त्याच टाकीवर चालणारा गाडीतला जनरेटर बंद पडतो, म्हणजे टाकीत गाळ साचला. भरताना नोझल सारखा बंद होतो, तर टाकीच्या झाकणाला भोक पाडा. पेट्रोलचा काटा खोटं दाखवतो, तर टाकी उतरवा. आणि टाकी गळत असेल तर रिकामी करून वेल्डिंग मारून घ्या.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांत पैसे जातात, या चुकीत जीव जातो. पेट्रोल जळतं ते वाफेच्या रूपात. हवेत ही वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की एक ठिणगी पुरते. काठोकाठ भरलेल्या टाकीत स्फोटाला लागणारी हवाच नसते. रिकामी केलेल्या टाकीत ती शिरते, आणि गंजाच्या पापुद्र्यांत, आतल्या पडद्यांच्या सांध्यांत मुरलेलं पेट्रोल वाफ देत राहतं. पाण्याने दोनदा खळबळली म्हणून ती सुरक्षित झाली असं कृपा करून मानू नका. शिवाय मोटरहोममध्ये गॅसवर चालणारा फ्रिज आणि वॉटर हीटर असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत त्या ज्योतीपर्यंत पोहोचते. टाकीला हात लावण्याआधी गॅस सिलिंडरपाशीच बंद करा आणि बॅटरीची तार काढा.

मुळात गळती टाकीच्या पत्र्यातूनच आहे का, हे तपासलेलं असतं का? वास किंवा ओल फक्त टाकी पूर्ण भरल्यावर येत असेल, तर संशय वरच्या बाजूला घ्यायचा: सेंडरच्या (टाकीतली पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाच्या) कड्याखालचं रबरी सील, भरण्याच्या नळीचे क्लॅम्प, व्हेंटची, म्हणजे टाकीतल्या हवेच्या वाटेची, तडकलेली नळी. यांपैकी कशालाच वेल्डिंग लागत नाही. पत्रा खरोखरच गंजून भोकं पडली असतील तर नवी टाकी बसवावी, किंवा फक्त टाक्यांचंच काम करणाऱ्या कारागिराकडे द्यावी.

आता पंप. कार्ब्युरेटर असलेल्या बहुतेक जुन्या मोटरहोममध्ये टाकीत पंप नसतोच. पडद्याचा यांत्रिक पंप इंजिनवर बसवलेला असतो आणि तो कित्येक मीटर लांबीच्या नळीतून पेट्रोल ओढून घेतो. या ओढणाऱ्या बाजूला रबराच्या तुकड्यात बारीक चीर पडली की पेट्रोल बाहेर ठिबकतच असं नाही, पण पंप हवा आत घेतो. खालून पाहिलं तर सगळं कोरडं असतं, आणि इंजिन मात्र उपाशी राहतं. जुनं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने लवकर बाद होतं, म्हणून हे तुकडे आधी बदलावेत. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल जास्त दाबाने जातं, त्यामुळे साधी नळी चालत नाही, तिथे ‘एसएई ३०आर९’ दर्जाची लागते.

चढावर दम तोडण्याची आणखी तीन कारणं आहेत आणि ती एकसारखीच भासतात. गाडी बंद पडताक्षणी सुरक्षित जागी झाकण उघडा. हवा जोरात आत ओढली गेली आणि इंजिन लगेच चालू झालं, तर व्हेंट तुंबला आहे. हवा बाहेर आली तर ती गरम झालेली वाफ असते, त्यावरून व्हेंटवर ठपका ठेवता येत नाही. झाकण उघडून फरक पडला नाही, पण थोडा वेळ थांबल्यावर गाडी चालली आणि जोर लागताच पुन्हा अडकली, तर टाकीतली जाळी गाळाने भरली असण्याची शक्यता मोठी. इंजिन थांबलं की चिकटलेला गाळ सुटतो, पुन्हा ओढ लागली की येऊन बसतो. हाच त्रास फक्त उन्हात, सावकाश चढताना होत असेल तर नळीत पेट्रोलची वाफ होतेय. थंड दिवशीही होत असेल तर हे कारण बाजूला ठेवा. व्हेंटची तपासणी फुकट होते, त्यामुळे नवा पंप आणण्याआधी ती न करण्याला काही कारणच नाही.

जनरेटरचा मुद्दा सोपा आहे. त्याची पेट्रोल ओढणारी नळी मुद्दाम आखूड ठेवलेली असते. टाकी पाव भागाच्या आसपास आली की जनरेटर थांबतो, म्हणजे रात्रभर वीज वापरूनही गाडी चालवण्यापुरतं पेट्रोल उरतं. टाकी अर्ध्याच्या वर भरा. जनरेटर चालला तर बिघाड नाहीच.

झाकणाला भोक पाडण्याचा सल्ला तर विचाराअंती टिकतच नाही, कारण भरताना झाकण काढलेलंच असतं! नोझलच्या टोकाशी बारीक छिद्र असतं आणि पेट्रोलने ते झाकलं गेलं की नोझल बंद होतो. मोटरहोममध्ये चेसिसची टाकी एकीकडे आणि भरण्याचं तोंड बॉडीच्या कडेला, म्हणून बॉडी बांधणारे मध्ये लांब नळी टाकतात आणि तिच्या जोडीने हवा बाहेर सोडणारी बारीक नळी. ही बारीक नळी कुठे झोल खाऊन लोंबली की खोलगट जागी पेट्रोल साचतं, हवेची वाट अडते आणि आलेलं पेट्रोल तोंडाशी उसळतं. उपाय म्हणजे नळी सरळ करणे, पिचली असेल तर बदलणे. भोकामुळे मात्र वाफ आणि हिंदकळणारं पेट्रोल बाहेर येईल, आणि कोळशाच्या कॅनिस्टरची (वाफ शोषून घेणाऱ्या डब्याची) गाडी असेल तर ती यंत्रणाही निकामी होईल.

काट्यासाठी आधी अर्थिंग पाहा. सेंडरची अर्थची तार चेसिसला जिथे जोडलेली असते तिथला गंज खरवडून घट्ट करा. तरीही फरक नसेल तर टाकीपासून दूरच्या जोडणीवर सेंडरची तार सोडवून क्षणभर अर्थला टेकवा. काटा एका टोकाला गेला तर मीटर आणि वायरिंग ठीक, दोष सेंडरमध्ये. जनरल मोटर्सच्या जुन्या चेसिसवर सेंडरचा विद्युतरोध रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम असतो, म्हणून अर्थ दिल्यावर काटा रिकाम्याकडे जातो. जुन्या फोर्डमध्ये रिकाम्याला सुमारे ७३ आणि भरलेल्याला १०, म्हणून तो भरलेल्याकडे जातो. एवढं झाल्यावरच टाकी उतरवायचा विचार करा, आणि तोही पेट्रोल काढून घेतल्यावर: २०० लिटर पेट्रोलचं वजन जवळपास १५० किलो भरतं, आणि पट्ट्या सोडल्यावर ते एका बाजूला धावतं.